एक दिवस पुढची गोष्ट

डेल्फा कॉडिलच्या घरी दुपारी दीड वाजता कुणाचा जीव जायला आला असता, तरी त्याला दोनपर्यंत थांबावं लागलं असतं. दीड ते दोन तिची गोष्ट असायची. टीव्हीवरच्या त्या मालिकेला चांगलं लांबलचक नाव होतं, पण पूर्व केंटकीच्या त्या खोऱ्यात ते कुणी घेत नसे. बाया नुसतं ‘माझी गोष्ट’ म्हणायच्या. ‘माझी गोष्ट लागायची वेळ झाली’ असं म्हटलं की समोरचा माणूस, मग तो विमेवाला असो की पाद्री, मुकाट्यानं टोपी उचलून चालता व्हायचा.

चित्र काही सुखासुखी यायचं नाही तिथं. चहूबाजूंनी डोंगर. डेल्फाच्या नवऱ्यानं, होबर्टनं, खाणीला सुट्टी असताना घरापासून थेट डोंगराच्या धारेपर्यंत झाडाझाडाला बांधत तार नेली होती आणि वर अँटेना रोवली होती. होबर्ट गेला, तार राहिली. हरणाचं शिंग तारेत अडकलं की चित्र जायचं, आणि साठीला टेकलेली डेल्फा काठी घेऊन वर चढायची. गुडघे कुरकुरायचे, ती गुडघ्यांना शिव्या द्यायची आणि चढायची. देवाच्या नावानं एवढी चढली असती तर पाद्रीनं तिची तसबीर लावली असती.

गोष्ट होती मोठ्या लोकांची. ऑगस्टा वेदरेल नावाची एक श्रीमंत विधवा, तिचा दगडी वाड्यासारखा बंगला, तिची लेक सेलेस्ट, आणि सेलेस्टनं आईच्या मनाविरुद्ध केलेला डॉक्टर नवरा. ऑगस्टा घरात एकटी बसलेली असली तरी गळ्यात मोती घालून बसायची. खोऱ्यातल्या बाया हसायच्या तिला, पण बघून बघून शिकायच्याही. पाळण्यात सेलेस्ट नावाच्या पोरी वाढल्या. कॉफीच्या कपाखाली बशा आल्या. डेल्फाची नणंद मिंटी, जिचे केस जन्मभर शेपटासारखे मागं बांधलेले असायचे, तिनं ऑगस्टासारखा फुगा काढून घेतला आणि पुढं तो फुगा सांभाळण्यात तिची अर्धी झोप गेली.

गोष्टीकडून आपण काही शिकलो हे डेल्फा मान्य करायची नाही, पण तीही शिकली होती. होबर्ट खाणीत दगावला तेव्हा ती भरपाईसाठी कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं तिला बस म्हटलं नाही. डेल्फा न सांगता बसली, आणि काळे हातमोजे एकेक बोट ओढत सावकाश उतरवले, ऑगस्टा वकिलासमोर उतरवते तसे. तिसऱ्या बोटाला कारकून उठून उभा राहिला. शाळेनं डेल्फाला जेमतेम सही शिकवली होती. त्या दिवशी कामाला आली ती गोष्ट.

पण त्याच गोष्टीनं तिचं एक नुकसानही केलं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची एकुलती एक लेक ग्लेना हिनं रँडल नावाच्या पोराशी लग्न ठरवलं. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि डोळे सतत दुसरीकडं. डेल्फाला तो पसंत नव्हता. त्याच आठवड्यात तिकडं सेलेस्टनंही डॉक्टरचं नाव काढलं होतं आणि ऑगस्टा जिन्यावर उभी राहून म्हणाली होती, ‘या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस, तर हे दार तुला पुन्हा उघडायचं नाही.’ काय म्हणाली होती! मागं पियानो वाजत होता. डेल्फाच्या अंगावर काटा आला होता. आणि दोन दिवसांनी ग्लेना पेटी घेऊन निघाली तेव्हा डेल्फाच्या तोंडातून तेच वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. तिच्या घराला जिना नव्हता, म्हणून ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली.

ग्लेनानं वळून पाहिलं. तिनंही तो भाग पाहिला होता. तिला वाटलं असेल की आई आता हसेल. डेल्फा हसली नाही. ग्लेना गेली.

रँडलला ओहायोत डेटनला कारखान्यात काम मिळालं. पोर झाली, ट्रिना. तिचे फोटो यायचे. पण ‘ये’ म्हणायला डेल्फाची जीभ वळली नाही आणि ‘येऊ का’ म्हणायला ग्लेनाची. मायलेकी दोघी एकाच लाकडाच्या.

राहिला तो बुधवारचा फोन. रँडल दुपारपाळीला गेला की तिनाच्या सुमाराला ग्लेना लावायची, आणि दोघी गोष्टीबद्दल बोलायच्या. डॉक्टर कसा वागला, ऑगस्टानं कुणाला झापलं, सेलेस्टचा झगा किती बावळट होता. रँडलचं नाव नाही, लग्नाचं नाव नाही, दाराचं तर नाहीच. त्यातही एक गंमत होती. डेटनचं टीव्ही केंद्र दुपारी बेसबॉल नाहीतर आणखी काहीबाही दाखवायचं, आणि कालचा भाग आज सकाळी लावायचं. म्हणजे डेल्फा कायम एक दिवस पुढं. ग्लेना विनवायची, ‘सांग ना गं, पुढं काय होतं?’ आणि डेल्फा म्हणायची, ‘उद्या दिसेल की. मी कशाला तोंड वाजवू?’ लेकीच्या एक दिवस पुढं असण्यात आईला फार सुख होतं.

उघड बोलायची तशी सोयही नव्हती म्हणा. खोऱ्यात तीन घरांत मिळून फोनची एकच तार. मिंटी पलीकडच्या घरात रिसीव्हर उचलून श्वास रोखून बसायची. श्वास रोखता येतो, पण मिंटीच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाला कोण रोखणार? त्याची टिकटिक तारेतून स्पष्ट यायची. डेल्फा मुद्दाम म्हणायची, "आज मिंटीच्या कोबीच्या लोणच्याला वास मारत होता," आणि पलीकडं टिकटिक जरा जोरात ऐकू यायची. समोरासमोर विचारलं तर मिंटी छातीवर हात ठेवून सांगायची की दुसऱ्याचं ऐकायची सवय तिच्या माहेरात नाही. तिचं माहेर म्हणजे डेल्फाचं सासर, तेव्हा डेल्फाला ते चांगलं ठाऊक होतं.

मार्चमध्ये शेजारची व्हर्ना गेली. रविवारी डेल्फानं आपण होऊन ग्लेनाला फोन लावला.

"मंगळवारी माती आहे," ती म्हणाली. "मग चर्चच्या तळघरात जेवण. वाढायला मी. गोष्ट बुडाली माझी."

"अरेरे. मग मी सांगेन की तुला," ग्लेना म्हणाली. "मंगळवारचा भाग मला बुधवारी सकाळी दिसेल. या खेपेला मी पुढं."

तिच्या आवाजात एवढा आनंद होता की डेल्फाला कसंसंच झालं. काय मागते पोर आयुष्याकडून.

मंगळवारी व्हर्नाला पुरलं. तळघरात लांब टेबलांवर कोंबडीचा रस्सा, उकडलेली भरलेली अंडी, सफरचंदाचा थराथरांचा केक, आणि पुरुष असे जेवत होते जणू मेली व्हर्ना आणि भूक लागली यांना. सव्वा वाजता मिंटीनं डेल्फाचं कोपर ओढलं.

"आत ये."

"कशाला?"

"ये म्हणते ना."

आतल्या छोट्या स्वयंपाकघरात बाया जमल्या होत्या. मिंटीनं कपड्यांच्या टोपलीवरची चादर बाजूला केली. खाली पावाच्या लाद्या, आणि लाद्यांखाली तिचा छोटा टीव्ही.

"देवाच्या घरात?" डेल्फा म्हणाली.

"देवाच्या घरात नाही, देवाच्या तळघरात," मिंटी म्हणाली. "आणि व्हर्नानं इतक्या वर्षांत एक भाग चुकवला नाही. तिच्याच दिवशी आपण चुकवायचा? कसं दिसेल?"

व्हर्नासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली. चित्र येईना तेव्हा मिंटी पिठाच्या पोत्यावर चढली आणि अँटेनाच्या दोन काड्या हातात धरून खिडकीबाहेर वाकून उभी राहिली. ‘काय चाललंय, सांगा गं मला,’ असं ती बाहेरून म्हणत होती, आणि सांगण्यासारखं काही चाललंच नव्हतं. सेलेस्ट दिरासोबत इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकली होती. भाग सुरू झाला तेव्हा अडकलेली, संपला तेव्हाही अडकलेली. मधे दिरानं दोनदा घाम पुसला.

"यासाठी मी पोत्यावर?" मिंटी म्हणाली. मग सगळ्यांनी शपथ घेतली की पाद्रीला कळता कामा नये, आणि जी ती आपापलं भांडं धुवायला लागली.

बुधवारी डेल्फानं घरी आपल्या खुर्चीत बसून त्या दिवसाचा भाग पाहिला. लिफ्ट उघडली. ऑगस्टा केशकर्तनालयात बसून कुणाच्या तरी चहाड्या ऐकत होती. बाकी काही नाही. मग डेल्फा फोनपाशी जाऊन बसली आणि तिनं मनाशी ठरवलं, आपण पाहिलं हे पोरीला सांगायचं नाही. सांगू दे तिला. लिफ्ट तर लिफ्ट. आपण ‘अगं बाई, खरंच?’ म्हणायचं.

तिनाला वाजायचा तो फोन चारला वाजला.

"मम्मी? कशी झाली माती?"

"चांगली झाली. व्हर्ना छान दिसत होती. तोंड मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं तिचं."

ग्लेना हसली, पण हसू अर्ध्यातच सांडलं. तिच्या मागं कुठंतरी मोठ्यानं भोंगा बोलत होता, माणसं बोलत होती.

"कुठं आहेस तू?"

"दुकानात. दुकानातून लावलाय. गर्दी आहे."

तारेवर टिकटिक सुरू झाली. मिंटी येऊन बसली होती.

"बरं, मग सांग," डेल्फा म्हणाली. "काय झालं काल? मी तिकडं बटाटे वाढत होते."

"काल?" ग्लेना थांबली. "काल फार झालं, मम्मी. सेलेस्टनं घर सोडलं."

डेल्फाच्या हातात कप होता. तो तिनं सावकाश बशीत ठेवला. सेलेस्ट अर्धा तास लिफ्टमध्ये होती. भांडं धुताना सगळ्या बायांनी त्या लिफ्टला शिव्या घातल्या होत्या.

"घर सोडलं," ती म्हणाली.

"हो. डॉक्टर कामावर गेला आणि तिनं बॅग भरली. पोर झोपली होती, तिला तसंच उठवलं..."

सेलेस्टला पोर नव्हती. डेल्फाचं तोंड ‘कुठली पोर’ म्हणायला उघडलं आणि उघडंच राहिलं.

"घाईत तिनं पोरीचे बूट उलटे घातले," ग्लेना सांगत होती, भराभर, पाठ केल्यासारखं. "उजव्या पायात डावा. पोर रडली नाही, काही नाही. तशीच फताड फताड चालली."

"डॉक्टर तर बरा होता की," डेल्फा म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"लोकांसमोर बरा असतो. आधी भिंतीवर बुक्की मारायचा. भिंतीला भोक पडलं, ते तिनं कॅलेंडर लावून झाकलं. मग..." भोंगा काहीतरी बोलला. "मग भिंत राहिली बाजूला."

"कधीपासून?"

"आधी दाखवत नव्हते, मम्मी. आता दाखवलं."

तारेवर नुसती टिकटिक. डेल्फाच्या डोळ्यांपुढं फोटो आला, मागच्या नाताळातला. ग्लेना आणि ट्रिना, आणि मागं भिंतीवर कॅलेंडर, जरा जास्तच खाली लावलेलं. तिला तेव्हा वाटलं होतं, कसं बावळटासारखं लावलंय. तिनं मिंटीला तसं बोलूनही दाखवलं होतं.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं ती ऑगस्टाच्या घराशी येते. आईच्या. दारापर्यंत जाते, वाजवायला हात वर करते, आणि तिथंच संपवला भाग. ते कसे दुष्ट असतात माहितीये ना तुला." ग्लेनाचा श्वास ऐकू आला. "मम्मी, आजचा भाग झाला ना तुझ्याकडं? मला उद्या दिसेल. पण मला नाही राहवत. एवढ्या वेळी सांग. उघडते का ती?"

इतकी वर्षं काय बोलावं ते तिला ऑगस्टा पुरवत आली होती. कचेरीत पुरवलं, मयतीत पुरवलं, चुलीपाशी तर नको ते पुरवलं. आणि आज ऑगस्टा डोक्यावर केस वाळवायचं मशीन घेऊन चहाड्या ऐकत बसली होती. तिच्याकडून एक शब्द मिळण्यासारखा नव्हता.

"उघडते," डेल्फा म्हणाली.

"लगेच?"

"वाजवायच्या आधी. खिडकीतच उभी होती ती. कधीची उभी होती, कुणाला ठाऊक."

"आणि काही बोलते? मागचं?"

"बोलायला जाते. तिचं तोंड तुला माहीत आहे. पण मग तिचं लक्ष पोरीच्या पायांकडं जातं. मग ती खाली बसते आणि बूट सरळ घालून देते. बसते म्हणजे काय, गुडघे मेले आहेत तिचे, धरून धरून बसते."

"ऑगस्टा? जमिनीवर?"

"जमिनीवर. रेशमी झगा घालून."

ग्लेना काहीतरी आवाज काढत होती, हसण्याचा का कशाचा ते तारेवरून कळेना. "ती तशी नाहीये गं, मम्मी. ती म्हणाली होती की दार..."

"म्हणाली होती. टीव्हीवर लोक वाटेल ते म्हणतात."

एवढ्यात तारेवर तिसऱ्या कुणीतरी घसा खाकरला.

"खरंय ते," मिंटी म्हणाली. "मीही पाहिला आजचा भाग."

"मिंटी आत्या?"

"मी आत्ताच उचलला हं फोन, मला दवाखान्यात लावायचा होता. पण कानावर पडलं म्हणून सांगते. उघडते ती. चुलीवर घेवडा शिजत असतो, मक्याचा पाव भाजत असतो. आणि ऑगस्टाची नणंदही असते तिथं."

"ऑगस्टाला नणंद कुठं आहे?"

"आजपासून आहे. नवीन पात्र आणलंय. फार चांगली बाई आहे, बघ तू. गाडी आहे तिच्याकडं. बसस्टँडवर न्यायला तीच येते."

डेल्फानं डोळे मिटले. इतकी वर्षं जिच्या लोणच्याला ती नावं ठेवत आली, ती बाई पलीकडं नाक ओढत होती.

भोंगा पुन्हा बोलला. या वेळी डेल्फाला त्यातली गावांची नावं ऐकू आली, एकामागून एक, ओहायोतली, मग नदीअलीकडची, मग डोंगराच्या पायथ्याची.

"मला जायला हवं," ग्लेना म्हणाली. "दुकान बंद होतंय."

"जा. ग्लेना..."

"काय?"

"सेलेस्टनं पोरीसाठी पांघरूण घेतलं होतं ना? डोंगरात थंडी असते अजून."

"घेतलं होतं, मम्मी."

"मग ठीक."

गुरुवारी सकाळी मिंटीची जुनी गाडी दाराशी येऊन भोंगा वाजवू लागली.

"मी पायथ्याला चालले आहे, पीठ आणायला," मिंटी खिडकीतून म्हणाली. केसांचा फुगा ताजा काढलेला होता. "येतेस?"

"तुझ्याकडं पीठ नाही?"

"किडलंय."

"काय विचारू आता," म्हणून डेल्फा बसली. तिनं चर्चला जायचा कोट घातला होता आणि काळे हातमोजे. चुलीवर घेवडा मंद आचेवर होता. वाटभर दोघी पिठाबद्दल बोलल्या.

बस आली. आधी एक म्हातारा उतरला, मग एक शिपाई, मग ग्लेना. डोळ्याखाली काळंनिळं होतं, वर पावडर थापलेली. कडेवर पोर, गुलाबी पांघरुणात. डेल्फाला वाटलं होतं की आपण काहीतरी बोलू. त्याऐवजी तिनं लेकीच्या गालाला हात लावला, पावडर नसलेल्या बाजूनं, आणि हात तिथंच राहिला.

"रात्रभर बूट काढू देईना मला," ग्लेना म्हणाली. "मी सरळ करते म्हटलं तर पाय आवळून धरायची. तशीच झोपली."

ट्रिनाला खाली उभं केलं. उजव्या पायात डावा, डाव्यात उजवा, दोन्ही बुटांची टोकं एकमेकांपासून लांब पळाल्यासारखी. डेल्फानं हातमोजे काढायला सुरुवात केली, सवयीनं, एकेक बोट. मग मधेच दोन्ही हातमोजे एकदम खेचून मिंटीच्या हातात कोंबले आणि गाडीच्या दाराला धरून खाली बसली. एक गुडघा वाजला. दुसरा त्याहून मोठ्यानं वाजला.

"दे बघू पाय."

पोरीनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं. "तू टीव्हीतली आहेस?"

"नाही गं बाई. मी टीव्ही बघणारी."

ट्रिनानं थोडा विचार केला आणि पाय पुढं केला. डेल्फानं बूट काढला. मोजा ओला होता, चिमुकली बोटं गार पडली होती. ती तिनं आपल्या तळहातात धरली आणि जरा जास्तच वेळ धरली. मग दुसरा पाय. वर ग्लेना रडत होती ते तिला दिसत नव्हतं, पण कोटाच्या खांद्यावर पडत होतं ते कळत होतं.

"आता उठवा मला कुणीतरी," ती म्हणाली. "ऑगस्टाला उठवायला नोकर आहेत."

दोघींनी मिळून तिला उभं केलं. पीठ आणायचं मिंटी विसरली आणि कुणी आठवण केली नाही.

दीड वाजता तिघी डेल्फाच्या बाकावर बसल्या होत्या. पोर जेवून ग्लेनाच्या मांडीवर झोपली होती, तोंडाला मक्याच्या पावाचा चुरा. गोष्ट लागली. बघते तर काय, सेलेस्ट आपली डॉक्टरच्याच घरी, मोती घालून त्याला कॉफी ओतून देते आहे आणि हसते आहे. ऑगस्टा फोनवरून वकिलाला दम देत होती.

डेटनहून इथं येण्यात ग्लेनाचा एक भाग वाहून गेला होता. मंगळवारचा तिनं तिथं पाहिला, गुरुवारचा ती इथं बघत होती, आणि मधला बुधवारचा तिला आता कुठंच दिसणार नव्हता. असल्या गोष्टी एकदाच लागायच्या. चुकली ती चुकली.

"अगं, ही तर त्याच्याचकडं आहे," ग्लेना हळूच म्हणाली.

डॉक्टरनं दोन चमचे साखर घातली.

"सामान राहिलं असेल तिचं," मिंटी म्हणाली. "ते न्यायला आली असेल."

"मोती घालून?"

"मला काय माहीत तिचं. पण काल दार उघडलं होतं, ते मी पाहिलंय."

"मीही पाहिलंय," डेल्फा म्हणाली.

ग्लेनानं आईकडं पाहिलं, मग आत्याकडं. दोघी टीव्हीकडं बघत होत्या, मान ताठ, पुढं देवाघरी विचारलं तरी हेच सांगू अशा तोंडानं.

"बरं," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन आईच्या मांडीला लागून बसली, लहानपणी बसायची तशी. तिचेही पाय गार पडले होते. डेल्फानं नजर न हलवता आपल्या बाजूला पडलेली शाल ओढून त्यांच्यावर टाकली.

एवढ्यात चित्र हललं, मुंग्या आल्या, आणि डॉक्टर, सेलेस्ट, कॉफी सगळं नाहीसं झालं. वर धारेवर कुठल्याशा हरणानं तारेत शिंग घातलं होतं.

"जातेस का वर?" मिंटीनं विचारलं.

डेल्फानं काठीकडं पाहिलं, मग मांडीपाशी आलेल्या पायांकडं.

"राहू दे त्याला," ती म्हणाली. "काढेल आपलं आपण."